वेबसाइटची किल्ली कोणाच्या हाती? फाइल पाठविण्याचे सॉफ्टवेअर निवडताना

इगतपुरी तालुक्यातील घोटी ही भाताची पेठ. मुंबई-आग्रा महामार्ग आणि मुंबई-नाशिक लोहमार्ग दोन्ही हाताशी असल्याने येथील माल मुंबईकडे सहज जातो. इंद्रायणी तांदळाचे गिऱ्हाईक आता मोबाइलवर भाव पाहून मागणी नोंदवू लागले आहे. तेव्हा गिरणीवाल्याला, किंवा भंडारदऱ्याच्या वाटेवरील लॉजवाल्याला, आपली स्वतःची वेबसाइट असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. वेबसाइट काढून देणारे पुष्कळ आहेत. परंतु ती निघाल्यानंतर भाव बदलणे, नवे फोटो लावणे, जुनी पाने काढणे हे काम नेहमीचे असते. त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. तो व्हावा म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

वेबसाइट म्हणजे शेवटी फाइलींचा एक गठ्ठा. तो आपल्या दुकानात नसतो. जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर असतो. दुकानातील संगणकावरून तेथे फाइल नेण्याचे व तेथून आणण्याचे काम जो प्रोग्राम करतो, त्याला एफटीपी क्लायंट म्हणतात. एफटीपी ही त्या देवाणघेवाणीची नियमावली. तिचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये लिहिणारे अभय भूषण हे अलाहाबादचे व कानपूरच्या आयआयटीतून शिकून अमेरिकेत गेलेले, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

त्या काळी संगणकांचे जाळे काही मोजक्या विद्यापीठांपुरते आणि संशोधन संस्थांपुरते होते. सर्व मंडळी एकमेकांना ओळखणारी, त्यामुळे चोराचा विचार कोणी केला नाही. १९८५ मध्ये ही नियमावली पुन्हा नीट लिहिली गेली तेव्हाही एफटीपीमध्ये वापरणाऱ्याचे नाव आणि पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्याप्रमाणे उघडेच जात राहिले. वाटेत ज्याच्या हाती पडेल त्याने वाचावे. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात अशीच पासवर्डची चोरी झाली. तेव्हा तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी सर्व संभाषण कुलूपबंद करणारी एसएसएच ही पद्धत तयार केली. तिच्या आधाराने फाइल पाठविण्याची जी रीत पुढे आली ती एसएफटीपी. जुन्या एफटीपीलाच वरून कुलूप घालण्याची दुसरी रीत आहे, तिला एफटीपीएस म्हणतात. नावे इतकी सारखी आहेत की जाणकारही गोंधळतात. व्यापाऱ्याने एवढेच लक्षात ठेवावे की, या दोन्ही चालतील, साधी एफटीपी चालणार नाही. फायरफॉक्स व क्रोम या ब्राउझरांनी २०२१ मध्ये साध्या एफटीपीला आपल्या दारातून बाहेर काढले आहे.

कोणी म्हणेल, आमच्या वेबसाइटवर आहे काय, तांदळाचे फोटो आणि भाव. चोर काय नेणार? हा समज घातक आहे. समजा, गिरणीच्या वेबसाइटवर पैसे भरण्यासाठी क्यूआर कोड लावला आहे. ती एक फोटोची फाइल असते. ज्याच्या हाती पासवर्ड गेला त्याने तेवढी एक फाइल बदलून आपला कोड लावला, तर पान जसेच्या तसे दिसते आणि गिऱ्हाइकाचे पैसे चोराच्या खात्यात जातात. गिऱ्हाईक पावती दाखवून माल मागते, दुकानदार पैसे आलेच नाहीत म्हणतो, आणि वर्षानुवर्षांची पत एका दिवसात जाते. २००९ मध्ये गम्बलार नावाच्या विषाणूने लोकांच्या संगणकांतून एफटीपीचे पासवर्ड चोरले आणि त्यांच्याच वेबसाइटच्या पानांत आपला मजकूर घुसवला. त्या पानांवर येणाऱ्यांचे संगणकही मग बाधित झाले. आपल्या दाराशी आलेल्या गिऱ्हाइकाला आपल्याच दारात इजा व्हावी, ही गोष्ट कोणत्याही प्रामाणिक व्यापाऱ्याला सहन होणारी नाही.

सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी त्याची गरज आहे का, हेही पाहावे. तयार साच्यावर महिन्याच्या भाड्याने चालणाऱ्या वेबसाइटला त्याची गरजच नसते. महिन्यातून एकदा दोन फोटो बदलायचे असतील तर होस्टिंग कंपनीच्या नियंत्रण पानावरील फाइल मॅनेजर पुरेसा आहे. परंतु वर्डप्रेससारख्या साधनावर वेबसाइट असेल आणि एखादे प्लगिन बिघडून आतले दारच उघडेनासे झाले, तर बाहेरून जाऊन त्या प्लगिनच्या फोल्डरचे नाव बदलण्यास असा प्रोग्राम फार उपयोगी पडतो.

आता निवड. विंडोजच्या संगणकावर विनएससीपी हा आमच्या मते सर्वांत सरळ. २००० सालापासून तो आहे, फुकट आहे, आणि साठविलेले पासवर्ड एका मुख्य पासवर्डाखाली बंद ठेवण्याची सोय त्यात आहे. फाइलझिला २००१ पासूनचा. तो विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो आणि सर्वांत जास्त परिचयाचा आहे. मात्र २०१७ पर्यंत तो साठविलेले पासवर्ड अक्षरशः उघड्यावर ठेवीत असे. त्या वर्षी मुख्य पासवर्डाची सोय आली, पण ती आपण होऊन चालू करावी लागते. त्याच्या मुख्य इन्स्टॉलरबरोबर जाहिरातीची इतर सॉफ्टवेअर देऊ केली जाण्याची शक्यता असते. त्याच ठिकाणी ‘इतर पर्याय’ उघडले की साधी आवृत्ती मिळते, ती घ्यावी. मॅक वापरणाऱ्यांना सायबरडक चांगला.

कुठल्याही प्रोग्राममध्ये जोडणीचा प्रकार आपण स्वतः निवडावा. कुलपाची जोडणी ‘मिळाल्यास वापरा’ असाही एक पर्याय फाइलझिलात असतो. त्यावर विसंबू नये, कारण कुलूप न मिळाल्यास तो उघड्या वाटेने जाऊ शकतो. ‘आवश्यक’ हाच पर्याय ठेवावा. काही स्वस्त होस्टिंगमध्ये एसएफटीपी मिळत नाही, म्हणून पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे. दोन्हीपैकी एकही सोय नसेल तर ती जागा भाड्याने घेऊच नये.

एसएफटीपीने पहिल्यांदा जोडणी करताना सर्व्हरच्या ओळखीचा एक लांबलचक आकडा समोर येतो. बहुतेक जण न वाचता ‘होय’ दाबतात. तो आकडा कंपनीकडून मागवून एकदा ताडून पाहावा. पुढे कधी ‘ओळख बदलली आहे’ असा इशारा आला, तर काम तेथेच थांबवून कंपनीला फोन लावावा.

पैशाची सॉफ्टवेअर कुलूप तोडून फुकट वाटणारे लोक सर्वत्र आहेत, आणि त्यांचा माल वापरण्यात गैर काही नाही असे मानणारेही आहेत. आम्हास ते मान्य नाही. दुसऱ्याच्या मेहनतीची वस्तू त्याच्या संमतीशिवाय घेणे ही चोरी आहे. ती डोळ्यांना दिसत नाही म्हणून हलाल होत नाही. येथे तर निमित्तही उरत नाही, कारण वर सांगितलेले प्रोग्राम त्यांच्या कर्त्यांनीच मोफत खुले केले आहेत. शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही हा आतबट्ट्याचा सौदा आहे. जानेवारी २०१४ मध्ये फाइलझिलाच्या बनावट प्रती फिरत असल्याचे अवास्ट या कंपनीने उघड केले. त्या अस्सलासारख्याच चालत, फक्त भरलेला पासवर्ड गुपचूप तिसऱ्याला पाठवीत. म्हणून प्रोग्राम नेहमी मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्यावा. मित्राच्या पेनड्राइव्हवरून नव्हे.

रोजच्या वापरातील काही गोष्टी. दुकानातील विंडोजला मोठ्या-लहान इंग्रजी अक्षरांचा फरक कळत नाही, पण बहुतेक सर्व्हर लिनक्सवर असतात, त्यांना तो कळतो. म्हणून येथे दिसणारा फोटो तेथे दिसत नाही. फाइलींची नावे सगळी लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता द्यावीत. पावसाळ्यात वीज गेली आणि फाइल अर्धी पोहोचली, तर प्रोग्राम उरलेला भाग पुढे पाठवू शकतो. तरीही दोन्हीकडचा आकार जुळतो का ते पाहावे. परवानगीचा आकडा ७७७ करा, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये, कारण तो दार सताड उघडे ठेवण्यासारखा आहे. फाइलींना ६४४ आणि फोल्डरांना ७५५ सहसा पुरतात. गल्ल्यावर बसणाऱ्या भाच्याला फोटो बदलायचे असतील तर शक्य तेथे त्याच्यासाठी फक्त फोटोंच्या फोल्डरपुरते वेगळे खाते काढून द्यावे. हाच प्रोग्राम उलट दिशेनेही चालतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आठवड्यातून एकदा सगळी वेबसाइट आपल्या संगणकावर उतरवून एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. मागण्या डेटाबेसमध्ये साठत असतील तर त्याची प्रत नियंत्रण पानावरून निराळी घ्यावी लागते.

सर्वांत मोठी अडचण मात्र सॉफ्टवेअरची नाही. वेबसाइट काढून देणारा पासवर्ड स्वतःजवळ ठेवतो, वेबसाइटचे नावही स्वतःच्या नावावर नोंदवितो, आणि मालकाला दोन वर्षांनी कळते की आपण आपल्याच दुकानात भाडेकरू आहोत. हे धंद्यात सर्रास चालते. दुसऱ्याच्या वेबसाइटचा पासवर्ड ही अमानत आहे. मक्केतून हिजरत करताना, जीव धोक्यात असताना, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अली (र.) यांना मागे ठेवले ते लोकांच्या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी, आणि त्या ठेवी विरोधकांच्याही होत्या. आपल्या तरुणांपैकी जे वेबसाइट तयार करण्याच्या धंद्यात उतरत आहेत, त्यांनी काम संपताच नाव, पासवर्ड आणि सर्व फाइली मालकाच्या स्वाधीन कराव्यात. मालकानेही तोंडी व्यवहारावर राहू नये. देण्याघेण्याचा करार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनातील सर्वांत मोठ्या आयतीत आहे (सूरह अल-बकरा, २८२). तेव्हा वेबसाइटचे नाव कोणाच्या नावावर, होस्टिंगचे खाते कोणाचे, आणि काम सोडताना काय परत द्यायचे, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. ताबा मिळाल्यावर पहिले काम पासवर्ड बदलण्याचे.

पासवर्ड फुटल्याचा संशय आला तर घाबरून त्याच संगणकावरून बदलू नये, कारण चोर त्यातच बसलेला असू शकतो. दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून होस्टिंगच्या नियंत्रण पानावर जाऊन सर्व पासवर्ड बदलावेत, अनोळखी खाती काढून टाकावीत, जुन्या प्रतीवरून वेबसाइट पुन्हा चढवावी आणि क्यूआर कोड स्वतः मोबाइलवर तपासून खात्याचे नाव वाचावे. गिऱ्हाइकाचे पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविण्यास त्याला सांगावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी कळविले तर ती रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.