नाव पाकिटावर, ओळख पानाफुलांत

मृग नक्षत्राच्या सुमारास बियाण्यांची रंगीत पाकिटे घरोघरी येतात आणि गच्चीवरच्या कुंड्यांतून हिरवी स्वप्ने रुजू लागतात. मात्र दोन महिन्यांनी दोडक्याच्या म्हणून लावलेल्या वेलाला घोसाळी लगडतात, तेव्हा छापील नाव आणि प्रत्यक्ष रोप यांत अंतर असू शकते, याची जाणीव होते.

असे का घडते? कधी बी काढताना वा पाकिटे भरताना सरमिसळ होते. कधी दोष पाकिटाचा नसून परागीभवनाचा असतो. भोपळावर्गीय वेलींची फुले कीटकांमुळे फळतात. त्यामुळे शेजारच्या परसातील त्याच जातीच्या दुसऱ्या वाणाचे पराग आपल्या वेलीवर सहज येऊन पोहोचतात. संकरित वाणाच्या फळातील बी राखून पेरले, तर पुढची पिढी मूळ वाणासारखी निपजत नाही. म्हणून ‘चुकीचे नाव’ आणि ‘बदललेला वाण’ यांत भेद करावयास हवा.

ओळख पटविण्याचा आरंभ बियांपासूनच करावा. दोडक्याचे बी काळे व खडबडीत असते, तर घोसाळ्याचे गुळगुळीत असून त्याच्या कडेला अरुंद पापुद्रा असतो. मिरचीचे बी फिकट पिवळे, चपटे व गोलसर असते. त्यात मूत्रपिंडाच्या आकाराचे, तपकिरी, खाचखळग्यांचे बी आढळल्यास ते विषारी धोतऱ्याचे असू शकते. ते तत्काळ वेगळे काढावे.

अंकुरानंतर प्रथम दिसणाऱ्या बीजपत्रांवरून घाईने निष्कर्ष काढू नये. टोमॅटो, वांगे आणि मिरची या एकाच कुळातील भावंडांची बीजपत्रे बरीचशी सारखी असतात. त्यानंतरची खरी पाने मात्र बोलकी असतात. टोमॅटोचे पान विभागलेले आणि चुरगळताच उग्र वासाचे, वांग्याचे रुंद व लवदार, तर मिरचीचे अखंड कडांचे व गुळगुळीत असते. वेलींमध्ये काकडीचे ताणे एकेरी, तर दुधीचे दुभागलेले असतात. दुधीच्या पानाच्या देठाला, पान जेथे जुळते तेथे, दोन बारीक ग्रंथी दिसतात.

अंतिम साक्ष फुलाची. पानाचा आकार ऊन, पाणी व खत यांनुसार बदलतो. फुलाची रचना त्या मानाने स्थिर राहते. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ साली आपल्या ग्रंथात वनस्पतींची वर्गवारी पुंकेसर व स्त्रीकेसर यांच्या आधारे मांडली. आपल्या परसातही हेच तत्त्व उपयोगी पडते. दुधीचे पांढरे फूल सायंकाळी उमलते. दोडक्याचे पिवळे फूलही सायंकाळी, तर घोसाळ्याचे भल्या पहाटे उमलते. मादी फुलाखालील चिमुकल्या फळावर शिरा असतील तर तो दोडका, नसतील तर घोसाळे.

ही ओळख केवळ हौसेची बाब नाही. कडू दुधीतील कुकुर्बिटासिन हे द्रव्य विषारी असून शिजविल्यानेही ते नाहीसे होत नाही. कडू दुधीच्या रसाच्या दुष्परिणामांविषयी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या कृतिदलाचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून फळाचा लहानसा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा आणि कडवट लागताच तो थुंकून फळ टाकून द्यावे. रोपाची खात्री नसेल, तर त्याचे पान वा फळ स्वयंपाकघरात नेऊच नये.

सुजाण ग्राहकाने पाकीट, पावती आणि पाकिटातील चार-सहा बिया न पेरता जपून ठेवाव्यात. लॉट क्रमांक व दिनांक त्यावरच असतो. कुंडीत नाव व पेरणीची तारीख लिहिलेली पट्टी रोवावी आणि फुलाचे छायाचित्र घ्यावे. भारतात १९६६ पासून बियाणे कायदा आहे. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला आहे. अवघड रोपांसाठी जवळच्या कृषी विद्यापीठाचा, महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचा किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या प्रादेशिक केंद्राचा सल्ला घेता येतो. पुण्यात असे केंद्र १९५५ पासून आहे. तेथे नेताना फुलासह फांदी न्यावी. नुसत्या पानावरून तज्ज्ञांनाही नाव सांगणे कठीण जाते.

वाचकहो, पाकिटावरचे नाव विश्वासाने वाचावे, पण फूल उमलेपर्यंत ते पेन्सिलीनेच लिहावे!