खडकाचे दप्तर आणि अणुकेंद्रकाचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर किती जुने, या वादाचा निकाल ज्या पुराव्यावर लागला तो म्हणजे अशनीच्या आघाताने वितळून पुन्हा गोठलेल्या खडकात अडकून राहिलेला आर्गॉन वायू होय. पोटॅशियम-40 चा काही अंश क्षय पावून आर्गॉन होतो आणि त्या क्षयाचा वेग पक्का ठाऊक आहे, म्हणून 2011 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत विवराचे वय सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे ठरले व पन्नास हजारांचा पूर्वीचा अंदाज मागे पडला. खडकाच्या अशाच दप्तरावर भरवसा ठेवून 1950 साली इनग्रॅम व रेनॉल्ड्स यांनी प्राचीन टेल्युरियम-खनिजातील झेनॉन मोजला आणि ज्यात दोन न्यूट्रॉनांचे एकदम प्रोटॉन बनतात त्या द्विबीटा-क्षयाची खूण दाखविली. परंतु त्या क्षयात न्यूट्रिनो बाहेर पडले की नाही याची नोंद खडक ठेवीत नाही, आणि नेमकी तीच तर हवी आहे!

न्यूट्रिनोविरहित क्षय आढळलाच, तर न्यूट्रिनो स्वतःच स्वतःचा प्रतिकण असावा, ही मायोराना यांची 1937 सालची कल्पना खरी ठरेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यासाठी कथील-124 निवडले. जपानच्या कामलँड-झेन प्रयोगाने झेनॉन-136 चे या मार्गाचे अर्धआयुष्य 2.3×10²⁶ वर्षांहून अधिक असल्याचे 2023 साली प्रसिद्ध केले. मात्र त्यावरून न्यूट्रिनोच्या प्रभावी वस्तुमानाची कमाल मर्यादा काढू जावे, तर ती 36 ते 156 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट अशी येते, आणि ही चौपटीची तफावत सिद्धान्तकारांच्या पदरची आहे.

अर्धआयुष्यावरून वस्तुमान काढताना मध्ये एक संख्या लागते, केंद्रकीय मॅट्रिक्स घटक. ती थेट मोजता येत नाही, गणितानेच काढावी लागते. कवच-प्रतिमान बाहेरच्या मोजक्या कक्षा घेऊन तेथील कणांचे परस्परसंबंध कसोशीने हिशेबात धरते, दुसरी एक प्रचलित रीत कक्षा पुष्कळ घेते पण संबंध ढोबळ ठेवते; पहिलीचे उत्तर बहुधा लहान, दुसरीचे मोठे. त्यात साध्या बीटा-क्षयाचाही गणिती वेग प्रयोगाहून अधिक भरे, म्हणून एक स्थिरांक सुमारे पाऊणपट करून मेळ घालण्याचा रिवाज अनेक दशके चालला (शास्त्राला ही तडजोड शोभत नव्हती, हे आम्ही स्पष्टच म्हणू). त्याची बरीचशी कैफियत 2019 साली मिळाली, ती अशी की कणांचे परस्परसंबंध आणि दोन कणांचा मिळून होणारा व्यवहार पूर्वीच्या हिशेबांतून गळाला होता. हाच स्थिरांक द्विबीटा-क्षयाच्या वेगात चतुर्थ घाताने शिरतो. तो पाऊणपट धरला तर वेग जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. म्हणून या शोधाची पुढची बातमी येईल तेव्हा वाचकांनी वस्तुमानाचे दोन्ही टोकांचे आकडे मागून घ्यावेत.