खोकला थांबला, मग गोळ्या कशाला?

श्रोतेहो, क्षयाच्या रोग्याच्या घरी एक प्रश्न हटकून ऐकू येतो. दोन महिने औषध झालं, ताप गेला, भूक लागू लागली, गडी पुन्हा औताला लागला. मग आणखी चार महिने गोळ्या कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र छातीच्या आत दडलेले आहे.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी १८८२ साली दाखवून दिला. रोग्याच्या खोकल्यातून उडालेला हा जंतू श्वासावाटे आपल्या फुप्फुसात उतरतो. तिथे शरीराचे राखणदार असतात. भक्षक पेशी म्हणतात त्यांना. धूळ असो की जंतू, दिसला की गिळायचा आणि पोटातल्या पाचक रसात विरघळवायचा, हे त्यांचे काम. क्षयाचा जंतूही त्या गिळतात. पण हा प्राणी मोठा बेरकी! पेशीच्या पोटात ज्या पिशवीत तो कोंडला जातो, तिथवर तो पाचक रस पोचूच देत नाही. राखणदाराच्याच घरात चोराने बिऱ्हाड थाटावे, तसा प्रकार. मग इतर पेशी धावून येतात, भोवती कडे करतात, गाठ बनते. बहुतेक माणसांत जंतू तिथेच कोंडून राहतो. शंभरांतल्या पाच-दहा जणांत मात्र पुढेमागे हे कडे ढिले पडते. उपासमार, मधुमेह, एचआयव्ही ही त्याची काही कारणे. गाठ आतून मऊ होऊन फुटते, फुप्फुसाला पोकळी पडते.

आता औषधाचे पाहू. या जंतूच्या अंगावर मेणचट कवच असते. आयसोनियाझिड ते कवच घडू देत नाही, म्हणून वाढणारे जंतू भराभर मरतात आणि खोकला ओसरतो. पण काही जंतू सुस्त पडून असतात. ज्याला नवे कवच घडवायचेच नाही, त्याचे हे औषध काय बिघडवणार? शेतकरी बंधूंनो, हरळी आठवा. वरून रान स्वच्छ दिसते, खाली काशा जिवंत असतात. त्या सुस्त जंतूंना रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड गाठतात, पण सावकाश. नेहमीच्या क्षयाला सहा महिने लागतात ते यासाठी.

आणि एकच औषध का नाही? इंग्लंडात स्ट्रेप्टोमायसिन एकटेच देऊन पाहिले. रोगी आधी सुधारले, पण पुढे पुष्कळांचे जंतू त्या औषधाला जुमानेनात, असे १९४८ सालच्या अहवालात दिसले. औषध मध्येच सोडले तरी हाच धोका.

सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि गोळ्या फुकट मिळतात. दोन आठवड्यांवर खोकला असणारा पालक दिसला, तर गुरुजींनी त्याला तिकडे धाडावे. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी नारिंगी होते. तो रिफाम्पिसिनचा रंग, भिऊ नका. डोळे पिवळे दिसले किंवा ओकाऱ्या थांबेनात, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.