दानाचे गणित आणि यंत्राचे माप

आपल्या घरातील संगणक दिवसाचे कितीतरी तास नुसता बसून असतो. हा रिकामा वेळ शास्त्राच्या कामी लावावा, ही कल्पना गेल्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. 1996 मध्ये प्रचंड अविभाज्य संख्या शोधण्यासाठी, 1999 मध्ये अवकाशातून बुद्धिमान जीवांचे संदेश येतात काय हे पाहण्यासाठी, आणि 2005 मध्ये ‘आइन्स्टाइन ॲट होम’ ह्या नावाने गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी लोकांकडे हा वेळ मागण्यात आला. लावणीच्या दिवसांत आपल्याकडे सावडीने शेत उरकतात, तसाच हा प्रकार. एका अवाढव्य गणिताचे लहान तुकडे करून ते घरोघरी पाठवावयाचे आणि उत्तरे गोळा करावयाची.

हे काम आपल्याला परके नाही. गुरुत्वीय लहर अत्यंत क्षीण असते. ती ओळखण्यासाठी यंत्राची नोंद हजारो अपेक्षित नमुन्यांशी ताडून पाहावी लागते. ह्या पद्धतीची उभारणी करण्यात पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील डॉ. संजीव धुरंधर ह्यांचा मोठा वाटा आहे. आणि अशा लहरी टिपणारी वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने 2023 मध्ये अंतिम मंजुरी दिली. स्वयंसेवकांचे श्रम वाया जात नाहीत, हेही सिद्ध झाले आहे. 2010 मध्ये अमेरिकेतील व जर्मनीतील स्वयंसेवकांच्या संगणकांनी अरेसिबोच्या दुर्बिणीच्या नोंदींतून एक नवा स्पंदक तारा शोधून काढला.

मग साहजिकच प्रश्न येतो, की ह्या कामाला कोणता प्रोसेसर चांगला? प्रोसेसर म्हणजे संगणकाचा प्रत्यक्ष आकडेमोड करणारा भाग. प्रश्न सोपा वाटतो. परंतु चांगला कशाला म्हणावयाचे, हे ठरविल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही, असे आमचे मत आहे.

पुष्कळ लोक गिगाहर्ट्झचा आकडा पाहतात. हा आकडा म्हणजे वल्ह्याचे मिनिटाला किती फटके पडतात त्याचा हिशेब. प्रत्येक फटक्याने होडी किती पुढे सरकते, हे त्यात येत नाही. 2004 मध्ये पेंटियम 4 जातीचा प्रोसेसर 3.8 गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. त्याची वीज व उष्णता 115 वॅटच्या घरात होती. दोनच वर्षांनी आलेला 2.4 गिगाहर्ट्झचा कोअर 2 ड्युओ 65 वॅटमध्ये त्याहून अधिक काम करू लागला. फटके कमी झाले. पण प्रत्येक फटका भरीव झाला आणि वल्हवणारे एकाचे दोन झाले.

दुसरे काही लोक चाचणीचे गुण पाहतात. ह्या सावडीची व्यवस्था पाहणारी ‘बॉइंक’ नावाची प्रणाली यंत्राचा वेग अजमावताना व्हेटस्टोन ही चाचणी वापरते. ती मूळ 1972 ची. ती इतकी लहान आहे की प्रोसेसरच्या अंगच्या छोट्या स्मृतीतच मावते. खरे शास्त्रीय काम पुष्कळदा तेथे मावत नाही आणि आकडे बाहेरच्या स्मृतीतून आणावे लागतात. बंदरात आठ होड्या आल्या, पण धक्का एकच अरुंद असला, तर माल उतरविताना सात होड्या खोळंबणारच. आठ कोअरच्या प्रोसेसरची अशीच गत होते. म्हणून एका कामात पहिला आलेला प्रोसेसर दुसऱ्या कामात मागे पडतो, ह्यात नवल नाही.

मग तुलना करावी तरी कशी? ह्याचा उत्तम धडा आमच्या अलिबागेतच आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय वेध येथे हलविण्यात आले. परंतु ते एकदम हलविले नाहीत. 1904 ते 1906 अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच काळात नोंदी घेतल्या गेल्या. म्हणूनच जुन्या मापाशी नवे माप जुळविता आले. प्रोसेसरांनाही हाच न्याय लावावा. एकाच प्रकारचे काम, एकाच खोलीत, निदान तीन दिवस द्यावे. आणि एक तुकडा किती वेळात झाला हे न पाहता दिवसभरात किती तुकडे झाले हे मोजावे. कारण एका कोअरवर दोन कामे घातली, तर प्रत्येकास वेळ अधिक लागतो. तरी एकूण काम वाढू शकते.

मात्र कामाइतकीच विजेची मोजणी महत्त्वाची आहे. समजा, एक संगणक 150 वॅट घेऊन दिवसाला 12 तुकडे करतो आणि दुसरा 40 वॅटमध्ये 6 करतो. पहिल्याला दिवसाला 3.6 युनिट लागतात, दुसऱ्याला 0.96. म्हणजे एका युनिटमागे पहिला सुमारे सव्वातीन तुकडे देतो, दुसरा सव्वासहा. वेगात पहिला दुप्पट, काटकसरीत दुसरा जवळजवळ दुप्पट! अखंड चालणारे 100 वॅटचे यंत्र महिन्याला 72 युनिट खाते, आणि वापर वाढला की दराची पायरीही चढते. खरे दान संगणकाचे नसून ह्या विजेचे आहे.

हे माप घरच्या घरी घेता येते. विजेच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि किती लुकलुकींचा एक युनिट, हे तेथेच छापलेले असते. तो आकडा 3200 असेल, तर बाकीची उपकरणे बंद ठेवून तासाला 320 लुकलुकी भरल्यास वापर 100 वॅट समजावा. संगणक एरवीही चालूच राहणार असेल, तर वाढलेली वीज तेवढीच दानखाती धरावी.

किनाऱ्यावरील हवेचाही विचार हवा. वैशाखाच्या उकाड्यात प्रोसेसर फार तापला, की स्वतःला वाचविण्यासाठी आपणहून मंद होतो. दहा मिनिटांच्या चाचणीत हे कळत नाही. ताकदीबाहेर पळविलेले यंत्र तर चुकीची उत्तरेही देते. पुष्कळ प्रकल्पांत एकच तुकडा दोघांकडे पाठवून उत्तरे ताडून पाहतात. ती जुळली नाहीत, तर चुकणाऱ्याची वीज फुकट गेली.

ह्या सेवेसाठी नवे यंत्र विकत घेण्याची मुळीच गरज नाही, असे आम्हांस वाटते. घरात आहे तेच यंत्र निम्म्या कोअरवर चालवून पाहावे, मीटर वाचावा, आणि दर युनिटमागे किती बरोबर उत्तरे निघाली हे वहीत मांडावे. हिशेब न परवडला, तर उन्हाळ्यात ते बंद ठेवण्यात कमीपणा नाही. आपण किती देतो हे जाणून दिलेले थोडेसेही शास्त्राला उपयोगी पडते.