स्वप्नं कुठून येतात?

मागच्या व्याख्यानात आपण पाहिलं, की १९७७ मध्ये हॉब्सन आणि मॅकार्ली यांनी स्वप्नांचा उगम मेंदूच्या तळाच्या देठात सांगितला. इच्छेचा संबंध नाही. म्हणजे फ्रॉइड मोडीत! दक्षिण आफ्रिकेच्या मार्क सोल्म्स यांनी मग साधी गोष्ट केली. मेंदूला इजा झालेल्या शेकडो रुग्णांना विचारलं, स्वप्नं पडतात का? देठ शाबूत असूनही, पुढच्या भागातले ओढ जागवणारे तंतू तुटलेल्यांची स्वप्नं थांबली होती. सोल्म्स पुढे लंडनला मनोविश्लेषणही शिकले. यातून फ्रॉइड बरोबर ठरले का? नाही. पण इच्छेचा प्रश्न पुन्हा उघडला. आपण एवढं लक्षात ठेवू: मेंदू बाहेरून तपासता येतो, स्वप्न मात्र माणसालाच विचारावं लागतं.