व्हॉयनिच हस्तलिखित

अज्ञात लिपीतील व अद्यापि न वाचले गेलेले एक मध्ययुगीन यूरोपीय सचित्र हस्तलिखित. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या बायनेके ग्रंथालयात ते ४०८ या क्रमांकाने जतन केलेले आहे. पोलिश ग्रंथविक्रेते विल्फ्रिड व्हॉयनिच यांनी १९१२ मध्ये रोमजवळील फ्रास्काती येथील जेझुइटांकडून ते विकत घेतले. त्यावरून हे नाव रूढ झाले. चर्मपत्राच्या सु. २४० पृष्ठांवर ओळख न पटणाऱ्या वनस्पती, राशिचक्रे, जलकुंडांतील नग्न स्त्रिया यांची चित्रे असून त्यांच्या सभोवती सहज, वळणदार हाताने लिहिलेला मजकूर आहे. हस्तलिखितासोबत सापडलेल्या प्रागच्या योहानेस मार्कुस मार्सी यांच्या सतराव्या शतकातील पत्रात, सम्राट दुसरा रूडॉल्फ याने ते ६०० डुकाटांस घेतल्याचे व रॉजर बेकन हा त्याचा कर्ता असावा अशी समजूत असल्याचे म्हटले आहे.

हे बेकनचे नावच पहिल्या गाजलेल्या उकलीचा आधार ठरले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक विल्यम न्यूबोल्ड यांनी १९२१ मध्ये असे प्रतिपादिले, की दृश्य अक्षरे निरर्थक असून खरा मजकूर त्यांतील सूक्ष्म रेघांच्या लघुलिपीत दडला आहे. या रेघांपासून मिळणाऱ्या अक्षरांचा क्रम बदलून ते लॅटिन वाक्ये तयार करीत. देवयानी तेजोमेघ बेकनने दुर्बिणीतून पाहिला होता, असाही निष्कर्ष त्यांनी काढला. काही विद्वानांनी तो मान्यही केला. जॉन मॅनली यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले, की त्या सूक्ष्म रेघा म्हणजे चर्मपत्राच्या खडबडीत पृष्ठावर वाळताना शाईला गेलेले तडे होत. शिवाय अक्षरांची अदलाबदल मुभेने केल्यास एकाच ओळीतून हवी तितकी वाक्ये निघतात. न्यूबोल्ड प्रामाणिक होते. त्यांनी वाचले ते मात्र स्वतःच्याच मनातले होते. चर्मपत्राच्या कार्बन-१४ परीक्षणाने (२००९) त्याचा काळ १४०४ ते १४३८ असा निश्चित झाल्यावर तेराव्या शतकातील बेकनचा प्रश्नच निकालात निघाला.

पुढील दाव्यांतील दोष बव्हंशी याच जातीचा आहे. जॉन स्टॉयको (१९७८) यांनी मजकूर स्वररहित युक्रेनियन मानला; स्वर कोणते घालावयाचे, हे अर्थातच वाचणाऱ्याच्या हाती राहिले. लिओ लेव्हिटॉव्ह (१९८७) यांना त्यात कॅथार पंथाचा विधी आढळला. जेरार्ड चेशर (२०१९) यांनी ‘आद्य-रोमान्स’ ही भाषा पुढे केली, तेव्हा ब्रिस्टल विद्यापीठाने त्या संशोधनाचे प्रसिद्धिपत्रक मागे घेतले. या भाषा व हे विषय परस्परांना छेद देणारे आहेत, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

लिपीची घडणही सोप्या उकलीस प्रतिकूल आहे. काही चिन्हे शब्दारंभीच, तर काही शब्दान्तीच येतात. एकच शब्द लागोपाठ दोनतीनदा आढळतो. एका चिन्हावरून पुढच्या चिन्हाचा अंदाज यूरोपीय भाषांतल्यापेक्षा पुष्कळच सहज बांधता येतो. अक्षरास अक्षर बदलणाऱ्या साध्या संकेतलिपीतून असा मजकूर निर्माण होत नाही. प्रेस्कॉट करियर यांनी १९७६ मध्ये त्यात दोन वेगळे ‘भाषाप्रकार’ व एकाहून अधिक हस्ताक्षरे असल्याचे दाखविले. गॉर्डन रग यांनी २००४ मध्ये अक्षरसमूहांचा तक्ता व छिद्रे पाडलेले पत्र वापरून तत्सम निरर्थक मजकूर तयार करून दाखविला. तथापि यावरून लबाडी शक्य होती एवढेच ठरते, ती झाली असे नव्हे. म्हणून हस्तलिखित निरर्थक आहे, हा दावाही तितक्याच सावधपणे घ्यावा लागतो.

खरी उकल कशी ओळखावी, याचे उदाहरण ग्रीसमधील रेखालिपी ‘ब’चे आहे. मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये तिच्या चिन्हांची मूल्ये ठरविली. त्यानंतर पायलॉस येथील एक मृत्तिकापट्टिका कार्ल ब्लेगेन यांनी तीच मूल्ये लावून वाचली, तेव्हा तिवईच्या चित्रापुढे तिवईचा ग्रीक शब्द व तीन वा चार कानांच्या भांड्यांपुढे तसेच शब्द निघाले. व्हेंट्रिस यांनी ती पट्टिका मूल्ये ठरविताना पाहिलेली नव्हती. व्हॉयनिच हस्तलिखिताची एकही किल्ली अद्याप दुसऱ्याच्या हाती देऊन न पाहिलेल्या पानावर अशी चाललेली नाही.