फायबर म्हणजे नुसती नळी नव्हे

चाकण-भोसरी पट्ट्यात पत्रा कापणारे फायबर लेझर मशीन आता नवलाचे राहिलेले नाही. तरी त्यातल्या फायबरबद्दलचा एक समज हटत नाही: जो प्रकाश एका टोकाने आत जातो, तोच दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो.

प्रत्यक्षात डायोडचा 915 किंवा 976 नॅनोमीटरचा प्रकाश आत शिरतो आणि पत्र्यावर पडतो तो साधारण 1070 नॅनोमीटरचा. काचेत मिसळलेले इटर्बियम प्रकाश शोषून नव्या तरंगलांबीवर परत देते. मधला फरक उष्णता होऊन जातो. चिलर लागण्याचे हेही एक कारण.

म्हणजे तरंगलांबी बदलायला असे मिश्रण हवेच, नाहीतर प्रकाशाची आधी वीज करायला हवी? दोन्हींची गरज नाही. साध्या सिलिका काचेचा अपवर्तनांकही तीव्र प्रकाशात किंचित बदलतो. त्यामुळे पंपाचे (सोबत सोडलेल्या तीव्र प्रकाशाचे) दोन फोटॉन नाहीसे होऊन एक सिग्नलचा आणि एक ‘आयडलर’चा फोटॉन जन्मतो. पंप 1550 वर आणि सिग्नल 1540 वर असेल, तर आयडलर 1560 च्या आसपास मिळतो, सिग्नलवरची माहिती घेऊनच. काच स्वतःकडे ऊर्जा ठेवत नाही. बेल लॅब्जमधल्या स्टोलन आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्येच सिलिका फायबरमध्ये हे दाखवले होते.

ही क्रिया नेहमी हवीहवीशी असते असेही नाही. 1550 जवळ शून्य अपस्करण (तरंगलांबीनुसार प्रकाशाच्या वेगात पडणारा फरक) असलेल्या फायबरमधून अनेक तरंगलांब्या एकत्र पाठवल्यावर याच क्रियेने चॅनेल एकमेकांत मिसळू लागले. म्हणून 1990 च्या दशकात थोडे अपस्करण मुद्दाम राखणारे फायबर आले.

सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे पंपाची ताकद वाढवली आणि फायबर लांब घेतला की रूपांतर हवे तेवढ्या रुंद तरंगलांबी-पट्ट्यात होते. खरी मेख आहे ती या लहरींची कला जुळण्यात. दिंडीत टाळ आणि पाऊल जुळावे तशा त्या एकमेकींशी जुळून चालायला हव्यात. नेहमीच्या फायबरमध्ये 1550 ला अपस्करण दर किलोमीटर, दर नॅनोमीटर सुमारे 17 पिकोसेकंद असते. तिथे कला लगेच बिघडते. म्हणून गाभा बारीक करून, त्यात जर्मेनियम वाढवून शून्य-अपस्करण पंपाजवळ आणतात. लांबीबरोबर कलेतला उरलेला फरकही साचत जातो, त्यामुळे रुंद पट्ट्यासाठी आखूड पण अधिक अरेषीय, म्हणजे तीव्र प्रकाशात अपवर्तनांक जास्त बदलणारा, फायबर लागतो.

घडणीतली अचूकताही तितकीच मोलाची. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला दूरसंचाराचा फायबर ओढला जातो. त्याचा बाह्य व्यास नेमका 125 मायक्रोमीटर राखावा लागतो. तरंगलांबी बदलणाऱ्या अशा फायबरमध्ये मात्र गाभ्यातला अगदी सूक्ष्म फरकही शून्य-अपस्करणाची तरंगलांबी जागोजाग सरकवतो आणि पट्टा आक्रसतो.

ताकदीलाही ब्रिलुआं विकिरणाची मर्यादा आहे: ठरावीक पातळीनंतर पंपाचा प्रकाश मागे परततो. त्यावर उपाय म्हणून पंपाची कला हलती ठेवतात, पण तिचा थरथराट आयडलरवर उतरतो. तेव्हा दोन पंप घेऊन त्यांची कला परस्परविरुद्ध हलवली जाते आणि आयडलर स्वच्छ राहतो.